देवडीवरचें यंत्र

शहरांत नोकरी करणाऱ्या मुलांनीं गांवीं राहणाऱ्या आईबापांच्या सोयीसाठीं एखादी वस्तु पाठवावी आणि आईबापांनीं ती कौतुकानें ओसरीवर मांडून ठेवावी, हा आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील नेहमींचा प्रकार आहे. पूर्वीं रेडिओ आला, मग मिक्सर आला, मग पाणी शुद्ध करण्याचें यंत्र आलें. त्यांपैकीं एकाविरुद्धहि लेखणी उचलण्याचें आम्हांस कधीं कारण पडलें नाहीं. परंतु अलीकडे या भेटींत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. घरच्या टेलिफोनच्या तारेला एक लहानशी पेटी जोडतात. फोन आला कीं ही पेटी त्याचा नंबर वाचते. तो तिच्या यादींत असला तर घंटा वाजूं देते. नसला तर घरच्यांस कळूं न देतां स्वतःच फोन उचलते, नांव विचारते, काम विचारते, आणि उत्तर समाधानकारक वाटलें तरच पुढें वर्दी देते. ज्यांच्या घरीं तार उरलेली नाहीं त्यांच्या खिशांतील फोनांतहि ही सोय येऊं लागली आहे. गूगलनें २०१८ सालीं ती अमेरिकेंत आपल्या फोनांत दिली. ॲपलनें २०२५ च्या सप्टेंबरांत आयफोनांत घातली. आमचे तरुण मित्र म्हणतात, 'बरें झालें, फोनला एकदांचा द्वारपाल मिळाला!' हा द्वारपाल चोराच्या दारावर उभा राहण्याऐवजीं आपल्या दारावर उभा राहिला आहे आणि तो चोराला सोडून शेजाऱ्याला अडवितो, असें आमचें मत असल्यानें हा लेख लिहावा लागत आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू मांडतों, कारण ती खोटी नाहीं. दुपारीं अंमळ पाठ टेकावी तों ज्याच्या घरीं कर्ज देऊं करणारा, प्लॉट विकूं पाहणारा, विम्याचें महत्त्व पटविणारा, आणि सर्वांवर कडी म्हणजे माणूसहि नव्हे, नुसता मुद्रित आवाज, असे चार फोन येऊन जातात, त्यास आमच्या तत्त्वज्ञानाची गोडी लागणार नाहीं. 'भीक नको पण कुत्रा आवर' ही त्याची स्थिति झालेली असते. आम्हीहि त्याच गांवचे रहिवासी आहों. तेव्हां उपद्रव आहे किंवा नाहीं, हा वादच नाहीं. उपद्रव करणारा कोण, त्यास ओळखण्याचें साधन कोणाच्या हातीं आहे, आणि त्याच्या बंदोबस्ताचा भार आज कोण वाहत आहे, एवढाच वाद आहे.

उपद्रवाचें मूळ शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या देशांत मोबाइल फोन आला तेव्हां येणाऱ्या फोनचे पैसेहि घेणाऱ्यालाच पडत. २००३ सालीं तो प्रकार बंद होऊन करणाऱ्यानेंच पैसे द्यावे असें ठरलें, तें योग्यच झालें. परंतु पुढें बोलण्याचा दर इतका उतरला कीं हजार घरांची दुपार मोडण्यास खर्च म्हणून फारसा उरला नाहीं. मग ट्रायनें, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, २००७ सालीं ज्यांस असले फोन नकोत त्यांच्या नंबरांची राष्ट्रीय नोंदवही उघडली. २०१० सालीं नवे नियम केले. २०१८ सालीं ते रद्द करून आणखी नवे केले. जाहिरातीचे फोन १४० या आंकड्यांनीं सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच यावे, गृहस्थानें १९०९ या नंबरावर आपली नापसंती नोंदवावी, अशी रचना झाली. कागदावर ती सुबक आहे. परंतु जो नियम मोडूनच धंदा करणार तो १४० च्या राजमार्गानें कशास येईल? तो तुमच्याआमच्यासारखा साधा दहा आंकडी नंबर घेतो, तो बदनाम झाला कीं दुसरा घेतो, आणि तुमची नोंदवही तुमच्यापाशीं राहते. अखेर २०२४ च्या ऑगस्टांत ट्रायनें कंपन्यांस हुकूम सोडला कीं नोंदणी न करतां विक्रीचे फोन करणाऱ्यांच्या जोडण्या तोडा आणि त्यांस दोन वर्षांसाठीं काळ्या यादींत टाका. २००७ पासून २०२४ पर्यंत सतरा वर्षें होतात. जन्मलेलें मूल या अवधींत कॉलेजांत जाण्याच्या वयाचें झालें.

या सतरा वर्षांत गृहस्थाचा धीर सुटला आणि त्यानें पेटी विकत घेतली, यांत नवल नाहीं. अमेरिकेंतहि हेंच घडलें. तेथें अशी नोंदवही २००३ सालींच झाली होती. ती पुरेना म्हणून तेथील फेडरल ट्रेड कमिशननें २०१२ सालीं ५० हजार डॉलरांचें बक्षीस लावून सर्व लोकांस आवाहन केलें कीं या मुद्रित आवाजांपासून आमची सुटका करणारी युक्ति काढा. म्हणजे ज्या सरकारापाशीं कायदा, दंड आणि पोलिस आहेत, त्यानें प्रजेस विचारावें कीं डांस मारण्याची तुमच्याकडे कांहीं युक्ति आहे काय! युक्त्या निघाल्या, बक्षीस वांटलें गेलें, आणि घरोघर गाळण्या बसल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरें काय? आमच्या दृष्टीनें ही पेटी म्हणजे सरकारच्या आणि कंपन्यांच्या ढिलाईचें बिल आहे. तें त्यांनीं गृहस्थाच्या नांवें फाडलें. आणि गृहस्थानें तें, स्वतः न भरतां, दारांत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या माथीं मारलें. हा अनोळखी माणूस कोण असतो, हें मात्र पेटी घेतांना कोणीं विचारलें नाहीं.

तें आम्ही सांगतों, कारण तो आम्हांस चांगला ठाऊक आहे. आमचें गांव कोंढा, पवनी तालुक्यांतलें. शेजारच्या कोसऱ्याशीं त्याची इतकी सांगड कीं लोक 'कोंढा-कोसरा' असा एकाच दमांत उच्चार करतात. मुलूख धानाचा, माणसें कष्टाचीं. आमच्या भागांत टेलिफोन हा कधींच एका घराचा नव्हता. १९८४ सालीं निघालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें खेड्यांच्या धुळींत व उन्हाळ्यांत, थंड खोलीवांचून चालतील अशीं लहान एक्स्चेंजें तयार केलीं, आणि त्यानंतर हळूहळू लहान गांवांतूनहि तारा दिसूं लागल्या. आमच्या घरीं फोन आला तो नव्वदच्या दशकांत. आणि आला त्या दिवसापासून तो आळीचा झाला. वाचकांपैकीं ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांस 'पी. पी.' हीं दोन अक्षरें आठवत असतील. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दुकानाच्या पाटीवर नंबरापुढें तीं छापलेलीं असत. त्यांचा व्यवहारांतला अर्थ असा, कीं हा फोन आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा आहे. ते हांक मारून आम्हांस बोलावतील. केवढा हा विश्वास! माणूस आपल्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर त्याला न विचारतां छापी, आणि शेजारी रागावण्याऐवजीं आंघोळ अर्धी टाकून तिसऱ्या घरीं हांक मारावयास धांवे. नागपुरास गिरणींत कामाला असलेल्या मुलाचा फोन आमच्या ओसरीवर येई. त्याची आई पदर सांवरीत येऊन रिसीव्हर उलटा धरी. सुखदुःखाचे चार शब्द होत. आणि जातांना ती पसाभर लाखोळीची डाळ ओसरीवर ठेवून जाई. ही डाळ फोनचें भाडें नव्हती, हें सांगावयास नकोच.

पुढें प्रत्येकाच्या खिशांत फोन आला आणि 'पी. पी.' हीं अक्षरें गेलीं. परंतु ती गरज गेली असें शहरांत बसून कोणी समजूं नये. आजहि खेड्यांत कोणाच्या फोनची बॅटरी उतरलेली असते, कोणाचा रिचार्ज संपलेला असतो, कोणाचा फोन मुलगा कामावर घेऊन गेलेला असतो. आणि कित्येक बायांपाशीं तो मुळांतच नसतो. मग अडीअडचणीला त्या दुसऱ्याचा फोन मागून घेतात. मागून घेतलेला फोन म्हणजे अनोळखी नंबर! इस्पितळांतून येतो तो अनोळखी नंबर, धानखरेदीच्या केंद्रावरून येतो तो अनोळखी नंबर, वाटेंत अपघात पाहून जखमी माणसाच्या घरीं कळविणाऱ्या सत्पुरुषाचा तर अनोळखी असणारच. संकट ओळखीच्या नंबरावरूनच येईल अशी व्यवस्था अजून कोणत्याहि कंपनीनें केलेली नाहीं.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग येथें सांगणें भाग आहे, कारण त्यांत दोष आमचाच होता. आमच्या चिरंजीवांनीं पुण्याहून ही पेटी पाठविली, आणि दोन दिवसांच्या रजेवर आले असतां ती आमच्या जुन्या तारेला जोडून दिली. यादीहि त्यांनींच भरली: आप्तेष्ट, डॉक्टर, बँक, गॅसवाला, मिळून साठ-पासष्ट नांवें. आम्हीं ती यादी वाचून मान डोलावली. आमच्या बांधींत वीस वर्षें रोवणीला येणारी बाई त्या यादींत नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तिच्यापाशीं फोनच नव्हता, तर यादींत नांव कोठून येणार? पावसाळ्यांत, रोवणी चालू असतां, एके रात्रीं तिच्या नवऱ्यास घराजवळच्या धुऱ्यावर साप चावला. आमच्याकडे चारचाकी आहे हें तिला ठाऊक होतें आणि आमचा नंबर तर अर्ध्या गांवाला तोंडपाठ आहे. तिनें पानठेल्यावरच्या एका मुलाचा फोन मागून घेतला व आमच्याकडे लावला. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला आणि त्यानें हिंदींत नांव व काम विचारलें. तिनें गोंधळून फोन ठेवला. पुन्हां लावला, पुन्हां तोच आवाज. तिसऱ्यांदाहि तेंच. मग ती चिखलांतून चालत गांवाच्या त्या टोकाकडून आमच्या घरीं आली. आम्ही त्या वेळीं फोनपासून पांच हातांवर जेवत बसलों होतों. घंटा वाजलीच नव्हती.

दारांत येऊन तिनें प्रथम काय म्हणावें? 'तुमच्या घरी कोनी पावनी आली का जी? हिंदीत बोलत होती.' तेवढ्या घाईंतहि, आपण भलत्याच घरीं फोन लावला असावा, ही तिची समजूत होती. आपणांस कोणीं अडविलें, हें तिच्या मनांतहि आलें नाहीं. त्या माणसास पवनीला नेलें, सापाच्या विषावरचें औषध वेळेवर टोचलें गेलें, आणि तो वांचला. पण पाऊण तास गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशीं पेटी उघडून पाहिली तों तिच्यांत तिन्ही फोनांची नोंद होती: अनोळखी, नांव सांगितलें नाहीं. यंत्रानें आपलें काम अगदीं चोख केलें होतें.

एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं यादी अपुरी होती, यंत्राचा काय दोष? हेंच तर आमचें म्हणणें आहे. यादी अपुरीच असणार. कारण ज्यांची आपणांस आठवण होते त्यांचीच यादी होते. आमच्या यादींत आमच्या बरोबरीचे सर्व होते. ज्यांच्या श्रमावर आमच्या घरचें धान येतें त्यांच्यापैकीं एकहि नव्हता. ओळख नाहीं म्हणून माणसाला पायरीखालीं उभें करून कामाची विचारपूस करणें हा प्रकार आपल्या वाड्यांना नवा नाहीं. तो मोडावयास पिढ्या लागल्या, आणि पुरता मोडला असेंहि म्हणवत नाहीं. तोच आतां पेटींत भरून, सोय या नांवानें, परत ओसरीवर येत असेल तर निदान आम्हीं तो ओळखावा.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधांत वैकुंठाच्या द्वारपालांची कथा आहे. जय आणि विजय हे कांहीं दुष्ट नव्हते; कर्तव्यदक्ष होते. सहा दरवाजे ओलांडून सनकादिक सातव्यापाशीं आले, तेव्हां पांच वर्षांच्या उघड्यानागड्या मुलांसारखे दिसणारे हे चौघे कोण, असा विचार करून त्यांनीं छडी आडवी धरली. परिणाम सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या कथेंतला जो भाग कीर्तनांत घाईनें आटोपतात तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. विष्णु स्वतः पायीं बाहेर आला आणि सेवकांनीं केलेला अपमान हा मींच केलेला अपमान होय, असें त्यानें ऋषींपुढें कबूल केलें. आमच्या ओसरीवरच्या यंत्रास शापाचें भय नाहीं. त्यामुळें त्याच्या वांट्याचें तें सर्व त्याच्या धन्याकडे जमा होतें.

आणि जय-विजयांना निदान डोळे तरी होते. जुन्या वाड्यांच्या देवडीवर बसणारा शिपाई कितीहि उर्मट असला तरी येणाऱ्याची धाप पाही, पायांचा चिखल पाही, आवाजांतला कंप ऐके, आणि नियम बाजूस ठेवून आंत धांवे. ट्रंक कॉलच्या काळांतली एक्स्चेंजवरची बाईसुद्धां रडणारा आवाज ऐकून आपल्यापरी घाई करी. येथें एक गंमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. माणसाच्या मदतीवांचून चालणारें एक्स्चेंज प्रथम काढलें तें अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्रोजर या गृहस्थानें; त्याचें पेटंट १८९१ सालचें. त्याचा धंदा प्रेतसंस्काराची व्यवस्था करण्याचा होता. असें सांगतात कीं त्याच धंद्यांतल्या दुसऱ्या माणसाची बायको एक्स्चेंजवर होती, आणि स्ट्रोजरला येणारे फोन ती आपल्या नवऱ्याकडे वळवी. त्या संतापांत यानें मधला माणूसच काढून टाकणारें यंत्र बनविलें. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यांतलें मर्म खोटें नाहीं. कोणाच्याहि मेहेरबानीवांचून कोणालाहि कोणाच्याहि घरची घंटा वाजवितां यावी, यासाठीं त्या काळच्या यंत्रानें मधली देवडी पाडली. आजचें यंत्र ती पुन्हां बांधीत आहे, आणि देवडीवर शिपाई न ठेवतां नुसतीच छडी ठेवीत आहे.

आतां यंत्राच्या कैवाऱ्यांचें पुढचें म्हणणें असें कीं यंत्र नुसतें नांव विचारतें; प्रामाणिक माणसाला नांव सांगावयास काय झालें? हें म्हणणाऱ्यानें आपल्या आयुष्यांत कधीं परक्या भाषेंत नांव सांगण्याची पाळी अनुभविलेली नसावी. आमच्या झाडीपट्टींत बोलतात ती बोली 'ळ' म्हणत नाहीं, 'ण' म्हणत नाहीं. तिच्यांत डोळा तो 'डोरा' आणि पाणी तें 'पानी'. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं या बोलीच्या अभ्यासांत वर्षेंच्या वर्षें घातलीं तेव्हां कोठें पुण्यामुंबईच्या पंडितांस ती 'अशुद्ध मराठी' नसून एक बोली आहे हें थोडेंफार पटलें. जें पंडितांस इतक्या कष्टानें पटलें तें पेटीला कोण पटविणार? उद्यां पेटी मराठी शिकेल, परवां झाडीहि शिकेल, असें आमचे चिरंजीव म्हणतात. शिको बापडी. परंतु यंत्राशीं बोलण्याचा प्रसंग आला कीं सरावलेला माणूस निर्लज्जपणें बोलतो आणि भिडस्त माणूस फोन ठेवतो, ही माणसाच्या स्वभावाची गोष्ट आहे; तिला व्याकरणाचा उपाय नाहीं. कर्ज विकणाऱ्याचा तर तोंड चालविणें हाच धंदा. तो यंत्रास नांव सांगेल, काम सांगेल, वर तुमच्या प्रकृतीची चौकशीहि करील. गाळणींतून खडा निसटला आणि दाणा अडकला, तर तिला गाळणी तरी कशास म्हणावें?

राहतां राहिला भीतीचा मुद्दा, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. पोलिस किंवा सीबीआय यांचें सोंग घेऊन वृद्धांस तासन्‌तास, दिवसेंदिवस फोनवर डांबून ठेवावयाचें आणि त्यांची आयुष्याची पुंजी काढून घ्यावयाची, हा 'डिजिटल अरेस्ट' नांवाचा दरोडा आपल्याकडे इतका बोकाळला कीं २०२४ च्या ऑक्टोबरांत पंतप्रधानांस आकाशवाणीवरील भाषणांत त्याविषयीं बोलावें लागलें. आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत, हरयाणांतील एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून, सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन त्याची दखल घेतली. अशा प्रकारच्या अटकेस कायद्यांत कोठेंहि आधार नाहीं, हें प्रत्येक घरीं मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. मुलांना दूर राहून आईबापांची काळजी वाटते ती वाजवीच आहे.

परंतु या दरोड्याची रीति जरा नीट पहा. दरोडेखोर पहिली आज्ञा कोणती देतो? कोणाशीं बोलूं नका. शेजाऱ्यांस कळूं देऊं नका. दुसरा फोन घेऊं नका. त्याला नेमका असा माणूस हवा असतो कीं ज्याच्याकडे दुसरें कोणी फिरकत नाहीं. ज्या घरीं दिवसांतून चार वेळां कोणीतरी हांक मारतें, कोणी ताक मागतें, कोणी 'आज बस आली नाहीं काय' म्हणून उगीच फोन करतें, तेथें हा डाव तिसऱ्या तासाला उधळतो. आणि आम्ही काय करीत आहों? येणाऱ्याजाणाऱ्यास नांव-गांव विचारून विचारून हळूहळू आपलें घर तसेंच मोकळें करीत आहों, जसें तें दरोडेखोरास हवें. 'न्यायालयांतून बोलतों आहें, अत्यंत महत्त्वाचें काम आहे' असें सांगणाऱ्या भारदस्त आवाजापुढें यंत्र तरी काय करणार? घाबरट म्हाताऱ्याला तें तशीच वर्दी देईल. आणि रोवणीवालीला मात्र नांव सांगतां आलें नाहीं म्हणून परतवील.

कोणास निवांतपणा हवा असेल तर त्यालाहि आमचा विरोध नाहीं. दुपारीं दोन तास रिसीव्हर काढून ठेवावा, रात्रीं फोन उचलूं नये, घंटा बंद करावी. दार लावलेलें आहे हें येणाऱ्यास कळतें. तो दुसऱ्या घरीं जातो. त्या रात्रीं आमची घंटा नुसती वाजत राहिली असती तरी त्या बाईला कळलें असतें कीं घरीं कोणी नाहीं, आणि तिनें वेळ न दवडतां दुसरें दार ठोठावलें असतें. दार उघडें आहेसें दाखवून आंत पोंचूं न देणें, हें बंद दारापेक्षां वाईट.

मग उपाय कोणता? ज्याला ठाऊक आहे त्यानें अडवावें. फोन कोठून निघाला, कोणाच्या नांवावर आहे, त्या नंबरावरून आज किती घरीं फोन गेले, हें सर्व कंपनीला ठाऊक असतें. आमच्या ओसरीवरची पेटी केवळ तर्क करते. एका दिवसांत शेंकडों अनोळखी घरीं दोन-दोन मिनिटें बोलणारा नंबर पानठेल्यावरच्या पोराचा नसतो, हें समजावयास फार मोठ्या बुद्धीची गरज नाहीं. आणि होत नाहीं असेंहि नाहीं. परदेशांतून येऊन आपल्या देशांतला नंबर दाखविणारे बनावट फोन वेशीवरच अडविण्याची व्यवस्था सरकारनें २०२४ च्या ऑक्टोबरांत सुरू केली. बँका व सरकारी कचेऱ्या यांच्या कामाच्या फोनांसाठीं १६०० हा निराळा आंकडा ठरविला. फोन करणाऱ्याचें नोंदलेलें नांव घेणाऱ्यास दिसावें, अशी शिफारस ट्रायनें २०२४ च्या फेब्रुवारींत केली. अमेरिकेनें तर २०१९ सालीं कायदा करून, हा फोन खरोखर ह्याच नंबरावरून आला आहे अशी खातरजमा करण्याचें ओझें कंपन्यांवर टाकलें. हीच दिशा खरी आहे. तिच्यावरून चालण्याचा वेग मात्र बैलगाडीचा आहे. फसवणुकीची तक्रार १९३० वर आणि त्रासाची १९०९ वर करावयाची असते. आपल्यापैकीं किती सुशिक्षितांनीं या दोन नंबरांवर एकदां तरी तक्रार केली आहे? पेटीसाठीं पैसे मोजणें सोपें, तक्रारीचा पाठपुरावा कठीण; आणि कंपन्यांस हें पुरतें ठाऊक आहे. गृहस्थ जोंवर स्वतःच्या दाराशीं गाळण्या बसवीत राहील तोंवर कंपनीनें आपल्या दाराशीं कशास बसवावी?

सरकारनें तरी गृहस्थाच्या वेळेचा मान राखावा कीं नाहीं? २०२० सालीं करोनाची सांथ आली तेव्हां प्रत्येक फोन लागण्यापूर्वीं खोकल्याचा आवाज आणि उपदेश ऐकावा लागे. पुढें सायबर फसवणुकीविरुद्ध तसाच उपदेश सुरू झाला, तो २०२५ च्या जूनमध्यें लोकांच्या तक्रारी फार झाल्यावर थांबविण्यांत आला. हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या घरीं साप निघाला आहे त्याला अर्धा मिनिट उपदेश ऐकविणें म्हणजे काय, हें ठरविणाऱ्यांपैकीं कोणाच्या बांधींत साप निघत नसावा.

चिरंजीवांस आम्हीं सर्व हकीकत कळविली. त्यांचें उत्तर आलें कीं, बाबा, त्या बाईचा नंबर यादींत घालूं. आम्हीं लिहिलें कीं तिला नंबर नाहीं. त्यावर, पानठेल्यावरच्या मुलाचा घालूं, असें आलें. तेव्हां आम्हीं विचारलें कीं त्या रात्रीं तो मुलगा तेथें नसता तर? यावर अजून उत्तर आलेलें नाहीं, आणि तो मुलगा समंजस असल्यामुळें येईल असें वाटत नाहीं. पेटी काढून फडताळांत ठेविली आहे. विक्रेत्यांचे फोन पूर्ववत् येतात. आम्ही एकदोन शब्दांत त्यांची बोळवण करतों, नंबर वहींत टिपतों, आणि महिनाअखेर १९०९ वर तक्रारी नोंदवितों. आतांपर्यंत वहीचीं तीन पानें भरलीं आहेत. रोवणीवाल्या बाईनें यंदा धान निघाल्यावर एक जुना फोन घेतला. ती आमच्याकडे केव्हांहि फोन करते तेव्हां काम सांगण्याआधीं, आवाज खालीं आणून, एकदां विचारून घेते: 'ते हिंदीवाली बाई गेली का जी?'